वाळीत की वर्तुळात?

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघाले की मध्ये कासू लागते. रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर याच नावाचे एक लहानसे स्थानकही आहे. गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला पावसाळ्यात भाताची हिरवी खाचरे दिसतात आणि पावसाळा सरला की वीटभट्ट्यांचा धूर दिसतो. मात्र या पेण-रोहे पट्ट्यात किती परींची माणसे शेजारी-शेजारी राहतात, ते खिडकीतून कळत नाही. आगरी आहेत, कोळी आहेत, मराठे, बौद्ध, ठाकूर आणि कातकरी आहेत. नागोठणे-रोह्याच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या नांदलेली मुसलमान घरे आहेत. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ नाव पडले, त्या बेने इस्रायलींची एके काळी याच किनाऱ्यावर गावोगावी वस्ती होती. पेण शहरात त्यांचे प्रार्थनास्थळ उभे आहे. आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत नागोठणे, डोलवी, धाटाव येथील कारखान्यांमागोमाग आलेले परप्रांतीय कामगारही आता इथलेच झाले आहेत.

इतकी माणसे एकमेकांना लागून राहतात म्हटल्यावर भांडणे होणारच. ती कुठे होत नाहीत? खरा प्रश्न आहे तो भांडण झाल्यावर आपण त्याचे काय करतो, हा. आपल्याला दोन वाटा ठाऊक आहेत. एक तालुक्याच्या कोर्टाकडे जाते, दुसरी गावकीच्या बैठकीकडे. पहिल्या वाटेवर तारखा पडतात. दुसरीवर कधी तंटा मिटतो, तर कधी एखादे घर वाळीत पडते. या दोहोंखेरीज तिसरी वाट असू शकते का, हे आज पाहायचे आहे. जगात गेली पन्नास वर्षे तिचे प्रयोग चालू आहेत आणि तिच्या खुणा आपल्या मातीतही सापडतात.

एका बांधाची गोष्ट

आधी एक उदाहरण घेऊ. ते कल्पनेतले आहे. पण खाडीकाठच्या कुणालाही ओळखीचे वाटेल.

कासूपासून पश्चिमेला खाडीकडे गेले की खारबंदिस्तीची शेती सुरू होते. भरतीचे पाणी अडवायला बांध, पावसाचे पाणी सोडायला उघाडी आणि आत भाताची जमीन, असा तो संसार. बांधाला खांड पडली आणि उधाणाचे खारे पाणी आत शिरले, तर त्या वर्षीचे पीक तर जातेच, पण जमीन पुन्हा गोडी व्हायला पुढची काही वर्षे जातात. समजा, अशा एका बांधाजवळ दोन कातकरी मुलांनी चिंबोऱ्यांसाठी बिळे उकरली. आठ दिवसांनी अमावास्येचे उधाण आले, नेमकी तिथेच खांड पडली आणि एका शेतकऱ्याचे दीड एकर भात खाऱ्या पाण्याखाली गेले.

आता पुढे काय होईल? शेतकरी संतापून वाडीवर जाईल. शिवीगाळ होईल, कदाचित मारहाणही. मग एका बाजूने नुकसानीची तक्रार आणि दुसऱ्या बाजूने मारहाणीची. दोन्ही कागद पोलीस ठाण्यात जातील. पुढची पाच-सात वर्षे दोन्ही पक्ष पेणच्या कोर्टात एकाच व्हरांड्यात, एकमेकांकडे पाठ करून बसतील. शेवटी निकाल लागेल. तो पुराव्यावर लागेल आणि तसाच लागायला हवा. पण निकालानंतरही काही गोष्टी कोर्टात कुणी विचारल्याच नाहीत, अशा राहून जातील. दीड एकर पाण्यात गेल्यावर त्या घराने वर्ष कसे काढले? मुलांनी ऐन पावसाळ्यात बिळे का उकरली. घरात त्या दिवशी चूल पेटली होती का? त्या बांधाची डागडुजी गेली कित्येक वर्षे रखडली होती, ती कुणी करायची होती? आणि सर्वांत मोठा प्रश्न : पुढच्या लावणीला त्या शेतकऱ्याला मजूर लागणार आहेत आणि त्या वाडीला काम लागणार आहे, मग ही माणसे एकमेकांच्या डोळ्यांत कशी पाहणार?

कायद्याचा प्रश्न असतो, ‘कोणते कलम मोडले, कुणी मोडले, त्याला शिक्षा किती?’ तो आवश्यकच आहे. पण त्याच्या शेजारी आणखी तीन प्रश्न उभे करता येतात. कुणाला इजा झाली? ती भरून यायला काय लागेल? आणि ते करण्याची जबाबदारी कुणाकुणाची? न्यायाचा जो विचार या तीन प्रश्नांपासून सुरू होतो, त्याला इंग्रजीत ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ असे नाव आहे. आपण त्याला ‘सांधणारा न्याय’ म्हणू या.

गोलात बसण्याचे नियम

या विचाराच्या अलीकडच्या इतिहासाची सुरुवात बहुधा कॅनडातील एल्मायरा या लहान गावापासून सांगतात. १९७४ साली तिथल्या दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी मोडतोड केली. प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवले की, या मुलांना नुकसान झालेल्यांच्या दारात नेऊ या. न्यायाधीश आधी कचरले, मग तयार झाले. मुले दारोदार गेली, समोरच्याचे ऐकले, आणि काही महिन्यांत त्यांनी भरपाईही केली. प्रयोग छोटा होता, पण त्यातून एक गोष्ट लक्षात आली. दंड सरकारजमा करणे सोपे असते. ज्याची काच फोडली त्याच्यासमोर उभे राहणे अवघड असते. आणि माणूस बदलतो तो या अवघड गोष्टीने.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अल्पवयीन मुलांच्या बहुतेक गुन्ह्यांत दोन्हीकडच्या कुटुंबीयांना एकत्र बसवण्याची पद्धत घातली. तिच्यामागे माओरी समाजाची परंपरा होती. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात १९९२ मध्ये एका न्यायाधीशांनी तिथल्या आदिवासींच्या रीतीप्रमाणे गोलात बसून शिक्षा ठरवण्याचा पायंडा पाडला. या गोलाचे, म्हणजे ‘सर्कल’चे, नियम साधे आहेत. सगळे एकाच पातळीवर बसतात. खुर्ची असेल तर सर्वांना, सतरंजी असेल तर सर्वांना. मध्ये टेबल नसते. एक वस्तू हातोहात फिरते. कुठे पीस असते, कुठे काठी, कुठे नुसता दगड. ती ज्याच्या हाती त्याने बोलायचे, इतरांनी ऐकायचे. मध्ये तोडायचे नाही. बोलायचे नसेल तर वस्तू पुढे द्यायची; तीही मोकळीक असते. एक जण गोल सांभाळतो, पण निवाडा देत नाही. सर्वांची सहमती झाली तरच ठराव होतो.

याला पूर्वतयारी लागते, आणि तीच बहुधा विसरली जाते. गोल सांभाळणारा दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळा भेटतो. ज्याला इजा झाली त्याला खरोखर यायचे आहे का, की कुणी आणतो आहे? ज्याच्या हातून चूक झाली तो ती कबूल करतो का? चूकच मान्य नसेल तर गोल भरवण्यात अर्थ नाही. तिथे पुरावा आणि साक्षीचेच काम आहे. दोघांनाही धीर वाटावा म्हणून प्रत्येकाच्या बाजूची एक-दोन माणसे सोबत असतात. ठरलेले लिहून काढतात, आणि ते पाळले गेले का हे पाहण्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बसतात.

आपल्या बांधाच्या गोष्टीत असा गोल बसला, तर काय घडेल? शेतकरी सांगेल की सोसायटीचे कर्ज कसे थकले. त्याची बायको कदाचित जास्त सांगेल, कारण तांदळाच्या कणगीचा तळ तिने पाहिलेला असतो. मुले कबूल करतील की बिळे आम्हीच उकरली. खांड पडेल असे वाटले नव्हते. मुलांची आई सांगेल की भट्टीवरची उचल फेडता फेडता पावसाळ्यात हाती काही उरत नाही. आणि बांधावरचा एखादा म्हातारा आठवण देईल की पूर्वी उधाणाआधी सगळे मिळून बांधावर माती टाकत. ते आपण सोडले. नुकसान तेवढेच राहील, पण त्याचा अर्थ बदलेल. मुले आणि वाडीतले चार जण खांड बुजवायला हात लावतील. शेतकरी मारहाणीबद्दल चार माणसांत माफी मागेल. बांधाच्या दुरुस्तीसाठी सगळे मिळून खारभूमी कार्यालयाकडे जातील. ही काही परीकथा नव्हे. असे होईलच याची हमी नाही. पण व्हायला जागा तरी मिळेल. कोर्टाच्या व्हरांड्यात ती जागाच नाही.

मग गावकी वेगळी काय करते?

इथे वाचक विचारतील, यात नवे काय? आमच्या गावात पूर्वापार बैठक बसते. देवळासमोर, समाजमंदिरात, झाडाखाली माणसे जमतात, दोघांचे ऐकतात आणि मिटवून टाकतात.

हे अर्धे खरे आहे. गावकीने कोकणात पुष्कळ बरे केले. उत्सव पार पाडले, विहिरी उपसल्या, पाणंदी काढल्या, भावाभावांच्या वाटण्या कोर्टाबाहेर केल्या. पण रायगड जिल्ह्याला गावकीची दुसरी बाजूही चांगली माहीत आहे. गेल्या दशकात, विशेषतः २०१३ ते २०१५ च्या सुमारास, याच जिल्ह्यातून सामाजिक बहिष्काराची प्रकरणे एकामागून एक बाहेर आली. कुणी गावकीच्या इच्छेविरुद्ध निवडणूक लढवली, कुणी जातीबाहेर लग्न केले, कुणी जमिनीच्या वादात कोर्टात गेले. आणि घर वाळीत पडले. दुकानदाराने माल द्यायचा नाही, पीठगिरणीवर दळून द्यायचे नाही, लग्नाला बोलवायचे नाही, मयताला जायचे नाही. जो बोलेल त्याला दंड. प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली होती.

याचा परिणाम म्हणून २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा एकमताने मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला होता, पण १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. नव्या कायद्यानुसार बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच कायद्यात एक लक्षात घेण्याजोगी तरतूद आहे. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोड होऊ शकते, आणि आरोपीला समाजसेवेची अट घालता येते. म्हणजे कठोर कायद्याच्या पोटातही सांधण्याला जागा ठेवली आहे. मात्र तिची किल्ली पीडिताच्या हाती आहे आणि कुलपावर पहारा न्यायालयाचा आहे.

वाळीत टाकणारी बैठक आणि सांधणारा गोल यांतला फरक इथे कळतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. माणसे जमतात, बोलतात, ठरवतात. पण गावकीच्या बैठकीत पुष्कळदा घरटी एक पुरुष बसतो. बायका दाराआड असतात. वाडीवरचा माणूस आला तर उभा राहतो, किंवा बसला तर कडेला. बोलतात ते ठरलेले चार जण. निर्णय व्हायचा तो आधीच झालेला असतो, आणि नाही म्हणणाऱ्याला गाव सोडण्यावाचून गत्यंतर नसते. गोलात या प्रत्येक गोष्टीला उलटे उत्तर आहे : सर्वांना आसन, सर्वांना पाळी, कुणाची सक्ती नाही आणि हकालपट्टी तर नाहीच. वाळीत टाकणे म्हणजे माणसाला गोलाबाहेर काढणे. सांधणे म्हणजे चुकलेल्यालाही गोलाच्या आत ठेवून त्याच्याकडून चूक निस्तरून घेणे.

तंटामुक्तीने काय शिकवले?

महाराष्ट्र सरकारने या दिशेने एक मोठे पाऊल टाकले होते. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून ‘महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम’ सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमायची, गावातले दिवाणी, महसुली आणि तडजोड होण्याजोगे फौजदारी वाद सामोपचाराने मिटवायचे, नवे होऊ द्यायचे नाहीत आणि चांगले काम करणाऱ्या गावाला शासनाने पुरस्कार द्यायचा, अशी तिची रचना होती. अनेक गावांत तिने खरोखर काम केले. वर्षानुवर्षांचे बांधाचे, वाटेचे, मोजणीचे वाद संपले. पोलीस पाटलांना, सरपंचांना भांडण मिटवणे हेही आपले काम आहे असे वाटू लागले.

पण मोहिमेत एक उणीव राहून गेली. तिने मोजले ते मिटलेले तंटे. पुरस्काराची रक्कम समोर असली की आकडा महत्त्वाचा होतो. ‘मिटवून टाक’ असा दाब दुबळ्यावर येतो, कारण बलवानावर दाब टाकणे अवघड असते. तंटा मिटला याचा अर्थ मने जुळली असा होत नाही. कधी कधी त्याचा अर्थ एवढाच असतो की एक जण गप्प बसला. गप्प बसलेले गाव आणि शांत गाव यांत फरक असतो, आणि तो कागदावर दिसत नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच राज्यातले, भिवंडीचे. १९७० आणि १९८४ या दोन्ही वर्षी भीषण दंगली पाहिलेले हे यंत्रमागांचे शहर. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पूर्वीच्या शांतता समित्यांत पुढारी असत आणि त्या दंगलीच्या आगेमागेच बसत. खोपडे यांनी वस्तीतली साधी माणसे घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि त्यांना नेहमी भेटत राहायला लावले. विषय मोठे नव्हते. नळाचे पाणी, पोरांचे भांडण, मिरवणुकीची वाट. पण त्या निमित्ताने माणसे एकमेकांची नावे शिकली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा जवळची भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

भिवंडीचा धडा असा की, संकट आल्यावर गोल करता येत नाही. तो आधीपासून बसत असावा लागतो. आग लागल्यावर विहीर खणायला घेऊन काय उपयोग? नळाच्या पाण्यासाठी जे शंभरदा एकत्र बसले, तेच अफवेच्या रात्री एकमेकांच्या दारात जाऊ शकले.

जे तडजोडीचे नव्हते

एवढे सांगितल्यावर सावधगिरीचा इशाराही द्यायला हवा, आणि त्यासाठी या जिल्ह्याच्या इतिहासाइतका चांगला शिक्षक नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता. तरी सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि प्रकरण कोर्टात गेले. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्या वेळी कुणी म्हटले असते की दोन्ही बाजूंनी गोलात बसा आणि आठवड्यातून दोन दिवस पाणी देण्यावर समजूत करा, तर ते सांधणे झाले नसते. हक्क हा हक्क असतो. त्याची वाटणी होत नाही.

दुसरे उदाहरण अलिबागजवळच्या चरीचे. ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. सुमारे सहा वर्षे शेते ओस राहिली. माणसांनी मासळी धरून, लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण संप मोडला नाही. आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. खोत आणि कूळ एका सतरंजीवर बसू शकले ते त्यानंतर. आधी बसते तर कूळ हात जोडूनच बसले असते.

आजच्या भाषेत याचा अर्थ असा. कातकऱ्यांची अनेक वाड्या-वस्त्यांमधली घरे वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत आहेत. हा समाज राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. काताचा धंदा गेला, जंगल आटले, आणि वर्षातले कित्येक महिने भट्टीवर जातात. ज्याच्या घराखालची जमीन समोरच्याच्या सातबाऱ्यावर आहे, तो त्याच्यासमोर मोकळेपणाने कसा बोलेल? म्हणून घराखालची जमीन आणि जातीचा दाखला हे प्रश्न गोलात ठेवून चालणार नाही. ते तहसील कार्यालयातच सुटले पाहिजेत. तसेच अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे, बायकांवरची जबरदस्ती, बालकांचा छळ ही प्रकरणे गावात ‘मिटवणे’ हा अन्यायावर दुसरा अन्याय आहे. तिथे पोलीस आणि न्यायालय हाच मार्ग. अन्य देशांत अशा गुन्ह्यांनंतरही कधी गोल बसतात, पण ते खटल्याला पर्याय म्हणून बसत नाहीत, आणि पीडिताने मागितल्याखेरीज तर नाहीच.

रवांडाचा अनुभवही हेच सांगतो. १९९४ च्या नरसंहारानंतर तिथल्या सरकारने ‘गचाचा’ या गावपंचायतींचा आधार घेतला. शब्दाचा अर्थ गवत. म्हणजे गवतावर बसून करायचा न्याय. २००२ ते २०१२ या काळात सुमारे बारा हजार पंचायतींनी दहा लाखांहून अधिक माणसांचे खटले चालवले. अनेकांना आपल्या माणसांचे अवशेष कुठे आहेत ते प्रथमच कळले. पण वकील नाहीत, शेजाऱ्यांचा दाब आहे आणि सत्तेवर असलेल्यांच्या बाजूने झालेले गुन्हे विषयातच नाहीत, अशी रास्त टीकाही झाली. गवतावर बसले म्हणून न्याय आपोआप स्वच्छ होत नाही.

गागोद्याचा माणूस

या सगळ्यात एक आठवण आवर्जून करावीशी वाटते. कासू ज्या पेण तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. जग त्यांना विनोबा म्हणून ओळखते. भूदानाची यात्रा सर्वांना माहीत असते. चंबळची कमी आठवते. मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैनेच्या बेहडात पायी फिरले आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पुढे १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने शेकडो जण शरण आले.

१९६० च्या त्या प्रसंगातली एक गोष्ट बहुधा सांगायची राहते. शरण आलेल्यांना माफी मिळाली नाही. त्यांच्यावर खटले चालले आणि शिक्षाही झाल्या. विनोबांनी कायद्याला बाजूला सारले नाही. कायद्याला जे जमत नव्हते ते केले. ‘तू माणूस आहेस, परत येऊ शकतोस’ एवढी एक वाट त्यांनी उघडी ठेवली. सांधणाऱ्या न्यायाचे मर्म यातच आहे. कायद्याची भिंत तशीच उभी राहू द्यायची आणि तिला एक दार ठेवायचे.

आता काय करता येईल?

कासूसारख्या गावात हे सुरू करायचे तर मोठ्या योजनेची गरज नाही. देशात २०२३ साली मध्यस्थी कायदा झाला. त्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्या भागातल्या कुटुंबांमधली किंवा रहिवाशांमधली शांतता बिघडवू शकणारे वाद, दोन्ही बाजूंची आधी संमती असेल तर तीन मध्यस्थांपुढे सोडवता यावेत, ही त्यामागची कल्पना. तिथे झालेल्या समझोत्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ नाही. काहींना ही उणीव वाटेल. मला तेच त्याचे बलस्थान वाटते, कारण जो समझोता केवळ एकमेकांच्या शब्दावर टिकायचा आहे, तो करताना माणसे शब्द जपून देतात.

गावाला आजच करता येण्याजोग्या गोष्टी चार आहेत. पहिली, शाळेपासून आरंभ करावा. पोरांचे भांडण झाले की दोघांना वर्गाबाहेर उभे करण्याऐवजी गोलात बसवून ‘काय झाले, कुणाला लागले, आता काय करू या’ एवढे विचारता येते. त्याला पैसा लागत नाही. दुसरी, गोल सांभाळणारी माणसे निवडताना पुढारी टाळावेत. आशाताई, निवृत्त शिक्षक, वाडीतली बचत गटाची बाई, कारखान्यातला फोरमन अशी ऐकून घेणारी माणसे शोधावीत, आणि ती एकाच आळीची नसावीत. तिसरी, वाद नसतानाही महिन्यातून एकदा बसावे. विषय बांधाचा असो, पाण्याचा असो, की गणपतीच्या मिरवणुकीचा. चौथी, कोणती प्रकरणे या गोलात आणायची नाहीत ते आधीच लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. जिथे मर्यादा स्पष्ट असते, तिथे विश्वास वाढतो.

याने भांडणे संपतील का? नाही. खारबंदिस्तीच्या बांधाला दरवर्षी माती टाकावी लागते. उधाण पुन्हा येते, कुठे तरी झिरपते, कुठे खेकडा बीळ करतो. बांध एकदा बांधून झाला असे कधीच होत नाही. तो राखायचा असतो. गावाचेही तसेच आहे. कोर्ट खांड कुणामुळे पडली ते सांगते, आणि ते सांगायलाच हवे. गावकी खांड पाडणाऱ्याला बाहेर घालवते आणि बुजवायला एक माणूस कमी करून ठेवते. खांड बुजायची तर ज्याच्या हातून ती पडली, ज्याचे पीक गेले आणि ज्याने इतकी वर्षे माती टाकली नाही, त्या तिघांनाही पुढच्या उधाणाआधी एकाच बांधावर घमेले घेऊन उभे राहावे लागते. त्यांना तिथे आणण्यासाठी आधी कधी तरी त्यांना एका सतरंजीवर बसवावे लागेल. सतरंजी प्रत्येक गावात आहे. ती कुणाकुणासाठी अंथरायची, एवढेच ठरवायचे आहे.